लेकीचा हेवा

भिरीला भिरी हे नाव तिच्या आईनंच ठेवलं. दिवसभर घरात भिरभिरायची म्हणून भिरी. शाळेत दुसरं नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. बाकी सगळ्यांच्या तोंडी भिरीच. चाळिशी उलटली, लग्न झालं, पदरात नऊ वर्षांची मुलगी आली, तरी नाव सुटलं नाही आणि भिरभिरणंही सुटलं नाही. गॅसवर दूध ठेवून ती चष्मा शोधायला जायची, चष्मा शोधता शोधता कपाट आवरायला घ्यायची, आणि अर्ध्या कपाटात असताना दूध उतू गेल्याचा वास आला की "अगं बाई!" करत धावायची. चष्मा मग फ्रिजमध्ये सापडायचा. हे एक वेळ हसण्यावारी नेता येईल. दुसरं होतं ते हसण्यावारी नेण्यातलं नव्हतं.

दुसरं म्हणजे तिला सगळं लागायचं, टोचायचं. आवाज लागायचा, उजेड लागायचा, कापड लागायचं. मोज्याची शिवण बोटावर आली की दिवसभर तिचं मन त्या शिवणीवर. शेजारी बसून कुणी सफरचंद खाल्लं तर तिला उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटे. मिक्सर सुरू झाला की दात शिवशिवत. ट्यूबलाइट किंचित थरथरते, हे घरात कुणाला दिसत नसे, हिला दिसे. लहानपणी ती हे सांगायची. सांगितलं की मिळायचं काय? "नाटकं करू नकोस!" शेवटी तिनं सांगणं बंद केलं. लागणं थोडंच बंद होतंय!

आई त्या काळी भलती कडक. घरात अंथरुणाला खिळलेले सासरे, नवरा कामापायी सतत बाहेरगावी, आणि त्यात ही भिंगरी पोर. भिरी अभ्यासाला बसेना, म्हणून आई तिला खुर्चीला बांधून ठेवायची. वडिलांचा एक लोकरीचा मफलर होता, त्यानं. आता लोकर म्हणजे भिरीला अंगावर मुंग्यांचं वारूळ! ती वळवळायची, वळवळली की पाठीत धपाटा. केस विंचरताना ओरडली की डोक्यात कंगव्याचा फटका. एकदा तर ओरडणं थांबेना म्हणून आईनं तिचं डोकं गार पाण्याच्या नळाखाली धरलं होतं. किल्ल्या, छत्र्या, वाढदिवस, सगळं विसरणारी बाई, पण हे बरं लक्षात राहिलं.

पुढे वडील गेले, आई थकली आणि भिरीकडे राहायला आली. भिरीचा नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, घरी असला तर असला. म्हणजे घरात तिघीच. आई, भिरी आणि चिमी.

चिमी भिरीची मुलगी. ती शाळेत जायला लागली तेव्हाच दिसून आलं की पोर आईवर गेलीय. मोज्यांवरून रडारड, केसांवरून रडारड, चार माणसं जमली की पलंगाखाली जाऊन बसणं, आणि पाणी आणायला उठली की पाणी सोडून बाकी सगळं करून येणं. शाळेतून बोलावणी यायला लागली तेव्हा भिरी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. आईही बरोबर आली. बाई मोठ्या शांत स्वभावाच्या. चिमीशी खेळल्या, दोन-तीनदा परत बोलावलं, आणि मग तिघींना समोर बसवून समजावून सांगितलं.

"हिचं लक्ष ठरत नाही ते खोडीपायी नाही. त्याला एडीएचडी म्हणतात. आणि त्याच्या जोडीला हिची इंद्रियं फार हळवी आहेत. आपल्याला जो आवाज नुसता ऐकू येतो तो हिला टोचतो. कपड्याचं तसंच, उजेडाचं तसंच. ती सोंग करत नाही बरं का. तिला खरंच दुखतं."

खरंच दुखतं! बाईंनी पुढे सहज विचारलं, "पुष्कळदा घरात आधी कुणाला तरी असतं हे. तुमच्याकडे होतं का कुणाला?"

भिरीनं आईकडे बघितलं. त्या वेळी भिरी कशी बसली होती म्हणाल, तर एका पायातला बूट काढलेला, मोज्याची शिवण बोटावरून मागे सारतेय, आणि डोळ्यांवर दिवा येतो म्हणून कपाळाला हात लावलेला. आणखी काय पुरावा हवा? आई म्हणाली, "नाही हो. आमच्याकडे असं कुणी नव्हतं."

झालं. पुढे त्यावर कुणी बोललं नाही. पण त्या दिवसापासून भिरीला एकच गोष्ट हवी होती. आईच्या तोंडून एकदा, फक्त एकदा ऐकायचं होतं की तूही अशीच होतीस. माफी नको होती, रडणं-भेकणं नको होतं. एवढं एक वाक्य. विचारायची मात्र छाती होत नव्हती. पुन्हा 'नाही' आलं असतं तर तिनं काय करायचं होतं?

आणि इकडे आई अशी काही बदलली की विचारू नका. चिमी शाळेत गेल्याशिवाय मिक्सरला हात लावायची नाही, आणि लावला तरी त्याच्यावर टॉवेल टाकून. ट्यूबलाइट काढून पिवळा दिवा लावून घेतला. चपलांना खालून कापड चिकटवलं, का तर चालताना फटफट होऊ नये. चिमीच्या केसांना हात लावायच्या आधी म्हणायची, "लावू का गं, बाळा?" बाळा! नवा कपडा घरात आला की तो आधी आईच्या कात्रीखालून जाणार. कॉलरच्या आतलं लेबल टाका टाका उसवून काढायची आणि मग ती जागा आपल्या गालावर घासून बघायची. शेजारणी आल्या की त्यांनाही उपदेश, "पोरांना मारू नका हो. त्यांना टोचतं, त्यांना सांगता येत नाही."

भिरी दारात उभी राहून हे ऐकायची आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. मारू नका म्हणे! बोलतंय कोण!

तिला चिमीचा हेवा वाटायचा. आईनं पोटच्या पोरीचा हेवा करावा का? करू नये, हे काय तिला कळत नव्हतं? पण कळलं म्हणून हेवा जातो होय! शाळेनं चिमीला परवानगी दिली की वर्गात नको वाटलं तर बाहेर जाऊन बस. भिरीला त्याच कारणासाठी वर्गाबाहेर अंगठे धरून उभं केलेलं. चिमीला गणितं सोडवायला जास्त वेळ. भिरीला जास्त छड्या. चिमीच्या ताटातल्या भाज्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून आई वेगळ्या वाट्या मांडायची, आणि भिरी त्या वाट्या मोजत बसायची. लेकीचं भलं होतंय याचा आनंदही व्हायचा, अगदी खरा. पण आनंदाच्या पाठोपाठ ते दुसरं यायचंच. मग ती स्वतःलाच शिव्या घालायची. काय बाई आहेस तू, पोरीच्या वाट्यांवर डोळा ठेवतेस!

हेडफोनचं तर विचारू नका. चिमीला आवाज अडवणारे जाड हेडफोन आणले होते. एका रविवारी शेजारी कुणीतरी भिंतीला ड्रिल लावत होतं, आणि चिमी चित्र काढण्यात गढून गेली होती. भिरीनं ते हेडफोन हळूच उचलले, न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि कानांवर चढवले. ड्रिल गेलं. नळाचं ठिबकणं गेलं. गल्लीतल्या गाड्या, वरच्या मजल्यावरची खुर्ची, सगळं गेलं. एवढी शांतता जगात असते आणि लोक ती रोज फुकट वापरतात, हे तिला माहीतच नव्हतं. ती टबाच्या काठावर बसली आणि ढसाढसा रडली. तेवढ्यात दार थरथरलं. हेडफोन काढले, तर आई दार ठोठावत होती.

"चिमीचे हेडफोन बघितलेस का गं? पोर कासावीस झालीय."

भिरीनं चोरी पकडली गेल्यासारखं ते मळक्या कपड्यांच्या टोपलीत कोंबले. बाहेर आली तर आई चिमीला खिडकीपासून लांब नेऊन बसवत होती. भिरीचे लाल डोळे तिनं पाहिले. नाही असं नाही. पण विचारलं काय, तर "साबण गेला का डोळ्यांत?" भिरी म्हणाली, "हो." तिला स्वतःसाठी हेडफोन आणता आले असते, पण आई म्हणाली असती, आता या वयात काय ही थेरं. आई म्हणाली नव्हती, पण भिरीला ते ऐकू आलं होतं.

आता तिच्या कामाचं. तिनं आजवर पाच-सहा ठिकाणी नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या, म्हणजे बहुतेक ठिकाणी सोडायला लावल्या. टिकली ती एका लाँड्रीत. पुढच्या बाजूला वाफेच्या इस्त्र्या फुसफुसायच्या, डाग काढायच्या औषधांचा उग्र दर्प यायचा, पण भिरीचं टेबल होतं अगदी मागच्या खोलीत, कपड्यांच्या राशींमध्ये. राशींत आवाज मुरतो. कानांत कापसाचे बोळे घालून ती तिथे सुटलेली बटणं लावायची, उसवलेली अस्तरं शिवायची. हातात सुई आली की तिचं मन भिरभिरायचं थांबे. मालकीणबाई तोंडाच्या फटकळ होत्या, दोनदा दम देऊन झाला होता, पण भिरीच्या टाक्याला नावं ठेवायला त्यांनाही जागा नव्हती.

शाळा सुरू व्हायच्या आधी एका मोठ्या शाळेचे कोट लाँड्रीत यायचे. सगळे गडद निळे, सगळे एका कापडाचे, आणि पोरं एकाच इयत्तेतली म्हणून मापंही जवळजवळ सारखी. कुठला कोट कुणाचा हे सांगणारी एकच गोष्ट, कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं टाचलेली नंबराची पट्टी. लाँड्रीचा नियमच होता की पट्टी निघेल ती गिऱ्हाइकाच्या समोर, कपडा त्याच्या हातात देताना. त्याआधी पट्टीला हात लावणारा माणूस मालकीणबाईंच्या तावडीतून सुटायचा नाही.

शाळा उघडायला दोन दिवस राहिले आणि पन्नासेक कोटांची बटणं बाकी होती. मालकीणबाई म्हणाल्या, "घरी ने, आणि उद्या संध्याकाळी आण." भिरीनं दोन गाठोडी घरी आणली. आणताना ठरवलं होतं की ती आपल्या खोलीत कपाटावर ठेवायची आणि आईला बजावायचं, हात लावू नकोस. पण दारात पाऊल टाकलं तर कुठेतरी काहीतरी जळल्याचा वास. गाठोडी बैठकीत टाकून ती वास शोधत स्वयंपाकघरात गेली. काही जळलं नव्हतं, चिमीनं पेन्सिलीला टोक केलं होतं, त्याचा तो वास. तिथे तिला आठवलं की निळा दोरा संपलाय. तशीच चप्पल घालून बाजारात गेली. आईला सांगायचं राहिलं म्हणता? भिरीच्या लेखी सांगून झालं होतं. मनात आलं की तिला वाटायचं, बोलून झालं. या खोडीनं तिचा आजवर कितीदा घात केला होता!

नेमका तो निळा रंग चार दुकानं फिरून मिळाला. ती दोरा घेऊन परत आली तेव्हा दुपार सरली होती, आणि आई खिडकीशी चष्मा लावून बसली होती. हातात छोटी कात्री. एका बाजूला घड्या घातलेल्या निळ्या कोटांची चळत, आणि मांडीवर पट्ट्यांचा ढीग, लाल दोऱ्यांसकट. चिमी शेजारी बसून एकेका कॉलरवरून बोट फिरवत होती.

"झाले बघ सगळे," आई म्हणाली. चेहऱ्यावर असं समाधान, की काय विचारता!

भिरीच्या हातातलं दोऱ्याचं रीळ खाली पडलं. "आई, हे कोट आपले नाहीत."

"ते कळतं मला. एवढी काही म्हातारी झाले नाही. लाँड्रीतले आहेत. पण काय गं ह्या पट्ट्या! सुतळीसारख्या जाड, आणि त्याही नेमक्या मानेवर. कुणाची का असेनात, लेकरंच ना ती? टोचत असेल, बिचाऱ्यांना सांगता येत नसेल."

आता तुम्ही म्हणाल, भिरीला आधी मालकीणबाई आठवल्या असतील, नोकरी आठवली असेल. नाही आठवली. तिच्या डोळ्यांपुढे नुसत्या माना आल्या. पन्नास परक्या पोरांच्या माना, ज्यांची तोंडंही आईनं कधी बघितली नव्हती, आणि त्यांच्यासाठी ती सगळी दुपार पाठ मोडून बसली होती.

"आणि माझी मान?" भिरी ओरडली. "माझी मान कुठे गेली होती तेव्हा?"

चिमीनं दोन्ही हात कानांवर दाबले आणि डोळे मिटून घेतले. भिरीचं तोंड तिथल्या तिथे बंद झालं. काय नशीब बघा. सगळ्या जन्माचा राग बाहेर पडायला निघाला, तर तोही हळू आवाजात काढायचा, लेकीला लागेल म्हणून. तिच्या वेळी असं थांबलं होतं का कुणी? ती आईच्या पुढ्यात खाली बसली आणि कुजबुजत म्हणाली, "ज्यांना ओळखत नाहीस त्यांचं टोचणं कळलं तुला. मी रोज समोर होते. मला मफलरनं बांधायचीस. लोकरीच्या मफलरनं, आई."

आईनं कात्री खाली ठेवली. मांडीवरच्या पट्ट्या एका मुठीत गोळा केल्या, सोडल्या, परत गोळा केल्या. मग म्हणाली, "परत टाचून देऊ का?"

कुठली पट्टी कुठल्या कोटाला, सांगणार कोण? भिरी उठून आपल्या खोलीत गेली. हेवा काय असतो ते आपल्याला माहीत आहे, असं तिला आजवर वाटत होतं. पण चिमीचा हेवा परवडला. चिमी निदान घरची, आपल्या रक्ताची. ह्या पन्नास अनोळखी पोरांनी तर आईची तिच्या वाटणीची मायाही नेली होती.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंसमोर भिरी म्हणाली, "पट्ट्या माझ्याकडून निघाल्या." आईचं नाव का घेतलं नाही, ते तिचं तिला माहीत. मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला, लाँड्री डोक्यावर घेतली, आणि शेवटी दमून म्हणाल्या, "शाळा उघडेल त्या दिवशी तिथे जायचं, एकेका पोराच्या अंगावर घालून बघायचं, आणि ज्याचा त्याला द्यायचा. एक जरी तक्रार आली तर इकडे फिरकू नकोस."

घरी सांगितल्यावर आई एवढंच म्हणाली, "कात्री माझी होती. मी येणार." भिरीनं नको-नको म्हटलं. आई सकाळी चिमीला तिच्या शाळेत सोडून आली आणि पायांत बूट चढवून दारात उभी राहिली.

शाळेचा हॉल म्हणजे नुसता घुमट. वर उघडे पत्रे, त्यांखाली ओळीनं पांढऱ्या ट्यूबलाइट, आणि खाली सुट्टीवरून आलेली पन्नास पोरं! ओरडतायत, धावतायत, बाक सरकवतायत. तो आवाज पत्र्याला लागून परत खाली येत होता. भिरीच्या कानांतले बोळे त्याच्यापुढे काय टिकणार? तरी ती लागली कामाला. अमक्याच्या कोटाच्या खिशाला शाईचा डाग होता, तमकीची बाही आतून दुमडलेली होती, असं पोरांना विचारत, त्यांच्या आयांना विचारत, दोघी एकेक कोट चढवत होत्या, उतरवत होत्या. आई गुडघ्यांवर बसून प्रत्येकाची बटणं लावायची आणि विचारायची, "मानेला टोचत नाही ना रे?" ते ऐकलं की भिरीचे दात आपोआप आवळले जात. तिथेसुद्धा, त्या गोंधळातसुद्धा, बाईला हेवा करायला सवड होती.

निम्म्याहून जास्त कोट वाटून झाले आणि मास्तरीणबाईंनी पोरांना गप्प करायला शिट्टी वाजवली. जोरात, लांबलचक. पोरं गप्प झाली. भिरीला मात्र काही दिसेना. हातातला कोट तिनं जवळच्या बाकावर टाकला, भिंत चाचपत गेली, पहिलं दार लागलं ते उघडून आत शिरली. खेळाचं सामान ठेवायची खोली होती. तिथे अंधार होता, चेंडूंच्या रबराचा वास होता, पण आवाज कमी होता. ती गुंडाळलेल्या सतरंजीवर बसली आणि डोकं गुडघ्यांत घातलं.

थोड्या वेळानं दार उघडलं. आई आत आली, दार लोटून घेतलं. दिवा लावला नाही. एक बादली पालथी घातली आणि जरा लांबच, त्या बादलीवर बसली. अंगाला हात लावला नाही.

"थोडेच राहिलेत," आई म्हणाली. "मास्तरीणबाई बघतायत."

भिरीच्या तोंडून निघूनच गेलं, इतके दिवस अडलेलं. "आई, मी अशीच होते ना?"

"हो."

एवढ्या एका शब्दासाठी ती किती दिवस झुरत होती! वाटलं होतं, तो कानावर पडला की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. आई पुढे बोलत होती. "चिमीपेक्षा जास्त. चिमी रडते तरी. तू सात-आठ वर्षांची झालीस आणि रडणंही सोडलंस. नुसती ओठ चावत बसायचीस."

"तुला कळत होतं?"

"त्याचं नाव माहीत नव्हतं. तुला दुखतंय ते कळत होतं."

घ्या! आजवर भिरीनं स्वतःची एकच समजूत घातली होती की आईला बिचारीला कळलंच नाही. न कळलेल्या माणसाला माफ करता येतं. आता काय करायचं?

"मग मफलर कशाला?"

"वाटलं, जिरेल. माझंही तसंच जिरवलं होतं." आईचा आवाज नेहमीसारखाच होता, बाजारातला भाव सांगावा तसा. "जिरलं नव्हतं गं. दाबून टाकलं होतं नुसतं. तू किंचाळायचीस ना, ते माझ्या ह्या कानातून त्या कानापर्यंत सुरी घालावी तसं जायचं. तुला गप्प करायची घाई व्हायची मला. तुझ्या भल्यासाठी नाही, माझ्यासाठी."

बाहेर पोरांचा आवाज परत वाढत होता. आईनं मान आखडून घेतली. अंधारात भिरीला ते दिसलं. हुबेहूब चिमीसारखी.

"डॉक्टरीणबाईंना का म्हणालीस, आमच्याकडे कुणी नव्हतं?"

"हो म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग तुम्ही काय केलंत?"

भिरीनं स्वेटरची बाही कोपरापर्यंत मागे सारली. मग आई म्हणाली, "मला हेवा वाटतो."

"चिमीचा," भिरी म्हणाली. तिला दुसरं काय सुचणार!

"चिमीचा कशाला? तुझा. परवा तू तिचे केस धुवायला गेलीस. ती तुला तोंडावर म्हणाली, आई तू जा, मला आत्ता कुणी नको. तू गेलीस. आणि जरा वेळानं ती आपणहून आली, तुझ्या पाठीला पाठ लावून बसली. मी बघत होते." आई दाराकडे बघत बोलत होती. "तू मला कधी जा म्हणाली नाहीस. भ्यायचीस. आणि आपणहून कधी आलीही नाहीस."

भिरीचा आजवर कुणी हेवा केला नव्हता. करण्यासारखं होतं काय तिच्याकडे? ती आईकडे बघत राहिली. दुसरी कुणी असती तर उठून आईच्या गळ्यात पडली असती, आणि आईनंही त्यासाठी हात किंचित पुढे केलेच होते. पण भिरीच्या कातडीला अजून शिट्टी लागत होती. अंगावरचा स्वेटरसुद्धा तिला नकोसा झाला होता, तिथे माणसाचा हात कुठला! तिला आत्ता कुणीच नको होतं, अगदी कुणीच.

"आई," ती म्हणाली. "आई, तू जा."

आईचे हात तसेच राहिले. मग तिनं ते मांडीवर घेतले, गुडघ्यांवर जोर देऊन उठली. "बरं," म्हणाली. बाहेर जाऊन तिनं दार हलक्या हातानं ओढून घेतलं, कडीचा आवाजसुद्धा येऊ दिला नाही.

बाहेरून मास्तरीणबाईंचं ऐकू आलं, "अहो, त्या कुठे गेल्या? पोरं खोळंबलीत." आणि मग आईचं, "माझी मुलगी आत बसलीय. तिला आवाजाचा त्रास होतो, लहानपणापासून. तुम्ही शिट्टी वाजवू नका. तिला बरं वाटलं की ती येईल."

भिरीनं शब्दन् शब्द ऐकला. उठून बाहेर जावंसं तिला वाटलं. पण आईला अजून थोडं ताटकळत ठेवावं, असंही वाटलं. ती बसून राहिली.